ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक तापतंय? पंप बदलण्याआधी एवढं तपासा

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप विनाकारण बदलला. बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याच्या बाजूला ऊस तुटून गेलेल्या काळ्या रानात पलटी नांगर चालू होता. बाराच्या सुमाराला नांगर हळू उचलायला लागला, दोनला तर उचलेचना. मागच्या हाउसिंगला हात लावला तर चटकाच बसला. ड्रायव्हर रायबागकडचा. त्यानं तिथंच निकाल दिला, "ऑइल बिसि आगेत्री, पंप होगेत्री." म्हणजे ऑइल तापलंय, पंप गेलाय. मेस्त्रीही तेच म्हणाला. नवा पंप बसला, नवं ऑइल पडलं, दोन दिवस रान तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला पुन्हा तेच रडगाणं.

दोष सापडला तो ट्रॉलीच्या पाईपला ऑइल सोडणाऱ्या लिव्हरजवळ. मुरूम टाकताना लिव्हर सारखा धरून बसायला नको म्हणून कुणीतरी जुन्या ट्यूबची पट्टी बांधली होती. तिचा तुकडा लिव्हरच्या खाचेत अडकलेला. त्यामुळे लिव्हर मध्यावर आल्यासारखा दिसायचा, पण पुरता यायचा नाही. पट्टी कापली आणि ताप गेला. पंपाचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तेव्हापासून मी एक क्रम ठरवलाय. निपाणी-चिकोडीपासून खानापूर-अथणीपर्यंत ज्यांच्या ज्यांच्या ट्रॅक्टरला हा आजार झाला, त्यांना मी तोच सांगतो.

ऑइल तापतं कशानं

पंप ऑइलला दाबानं पुढं ढकलतो. त्या दाबानं नांगर उचलला तर ताकद कामाला लागली. तेच ऑइल काहीही न उचलता एखाद्या बारीक फटीतून दाब सोडत परत टाकीत पडलं, तर ती सगळी ताकद उष्णता होऊन ऑइलातच राहते. म्हणून तापलेलं हायड्रॉलिक म्हणजे एकच प्रश्न: दाबातलं ऑइल काम न करता कुठून पळतंय?

हिशोब करून बघा. मिनिटाला २० लिटर देणारा पंप आणि १८० बारला (बार हे दाबाचं माप) उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब फार वाढला की ऑइल परत टाकीत सोडणारी झडप, धरू. लिटर गुणिले बार, भागिले ६००, म्हणजे ६ किलोवॅट. एचपीत सांगायचं तर सुमारे ८. न्हाणीघरातल्या २ किलोवॅटच्या तीन कॉइली एकदम ऑइलात सोडल्यासारखं झालं. ऑइल ४० लिटर असेल तर नुसत्या ऑइलच्या हिशोबानं मिनिटाला ५ अंशांच्या आसपास वाढ. प्रत्यक्षात लोखंडाचं हाउसिंग बरीच उष्णता खातं, म्हणून इतकं झपाट्यानं चढत नाही. तरी रिलीफ सतत उघडा राहिला तर अर्ध्या-पाऊण तासात काय होतं ते कळायला एवढं पुरे.

५० ते ६५ अंश ही कामातली नेहमीची पातळी. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ७०-७५ दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. ८०-८२ च्या वर मात्र सील कडक व्हायला लागतात, ऑइल पातळ होतं, पातळ ऑइल फटीतून आणखी पळतं आणि त्यानं आणखी तापतं. वरच्या तापमानात प्रत्येक १० अंशांना ऑइलचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे.

हात घालण्याआधी

अवजार जमिनीवर टेकवा. इंजिन बंद करून सगळे लिव्हर दोन-तीन वेळा मागे-पुढे करा, म्हणजे पाईपात अडकलेला दाब निघून जातो. उचललेल्या रोटावेटरखाली किंवा उभ्या केलेल्या ट्रॉलीखाली लाकडी ठोकळे आणि टेकू दिल्याशिवाय जायचं नाही, मग एक मिनिटाचं काम असलं तरी.

आणि गळती हातानं शोधायची नाही. दाबातली बारीक धार दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. वर टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो आणि आत ऑइल पसरलेलं असतं. असं झालं तर हळद लावून गप्प बसू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि 'दाबाचं ऑइल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा, कारण त्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून पाईपाच्या कडेनं फिरवा.

पहिलं काम: तापतंय ते हायड्रॉलिकच का?

हे कुणी करत नाही, आणि इथंच निम्मे पैसे वाचतात. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, ऑइलात बुडालेले ब्रेक आणि हायड्रॉलिक यांचं ऑइल एकच असतं. यातलं काहीही तापलं तरी चटका मागच्या हाउसिंगलाच बसतो आणि नाव हायड्रॉलिकचं होतं.

टेम्परेचर गन, म्हणजे लांबूनच तापमान दाखवणारं यंत्र, घ्या. महाग नसते, दोघा-तिघांत मिळून घेतली तरी चालते. चकचकीत धातूवर ती खरं तापमान दाखवत नाही, कमीच दाखवते. म्हणून मोजायच्या जागा पुसून तिथं काळी इन्सुलेशन टेप चिकटवा: पंपाचं अंग, पंपाकडे ऑइल नेणारा पाईप, व्हॉल्व्ह, परतीचा पाईप, मागच्या दोन्ही चाकांकडे जाणारे अॅक्सलचे हाउसिंग. मग सकाळी, ट्रॅक्टर रात्रभर उभा राहून गार असताना, तीन चाचण्या घ्या.

पहिली चाचणी उभ्याउभ्या. अवजार काढलेलं, लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) खाली, सगळे लिव्हर मध्यावर, पीटीओ (रोटावेटरसारखं अवजार फिरवणारा मागचा दांडा) बंद. इंजिन १५०० आरपीएमवर २० मिनिटं चालू ठेवा आणि दर ५ मिनिटांनी आकडे लिहा. बिडीबंडलाच्या कागदावर लिहा, पण लिहा. काम काहीच नसताना ऑइल हळूहळू कोमट व्हायला हवं. पंप आणि व्हॉल्व्ह भराभर चढत असतील तर ऑइल मोकळं फिरत नाही, कुठंतरी आवळलं जातंय. माझ्या ट्रॅक्टरवर ही चाचणी पहिल्याच दिवशी घेतली असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

दुसरी रस्त्यावर. ट्रॅक्टर पुन्हा गार झाल्यावर, हायड्रॉलिकला हात न लावता आणि ब्रेक शक्यतो न दाबता तीन-चार किलोमीटर चालवा. उतरल्या उतरल्या दोन्ही अॅक्सलचे हाउसिंग मोजा. एक बाजू दुसरीपेक्षा ठळक गरम असेल तर त्या बाजूचा ब्रेक घासतोय. दोन्ही गरम असतील तर हँडब्रेक अर्धवट ओढलेला आहे का बघा, नाहीतर पेडलची मोकळी चाल संपलेली असेल. अशा ट्रॅक्टरला दहा पंप बदलले तरी ऑइल तापतच राहणार.

तिसरी नेहमीच्या कामात, तासभर. पहिल्या दोन्हीत काही सापडलं नाही आणि इथंच तापलं, तर दोष उचलण्याच्या कामात आहे.

ऑइल: किती, कसलं आणि कसं दिसतंय

पातळी सपाट जागेवर, लिफ्टचे हात पूर्ण खाली आणि ट्रॉली उचलणारा जॅक मिटलेला असताना बघायची. ट्रॉली उभी असताना ऑइल मोजायची पट्टी काढून 'ऑइल कमी' म्हणत भर घालणारे मी पाहिलेत. जॅकमध्ये गेलेलं कित्येक लिटर ऑइल ट्रॉली खाली आल्यावर परत येतं, मग पातळी पट्टीच्या वर जाते, गिअर ते ऑइल घुसळत बसतात, फेस होतो आणि गरमीही वाढते. उलट ऑइल आधीच कमी असेल तर ट्रॉली उचलल्यावर पंपाला हवा लागते आणि तो किंचाळतो. दुसऱ्याची ट्रॉली जोडताना हे विसरू नका. तिच्या जॅकमध्ये कुठलं ऑइल आहे ते तिच्या मालकालाही माहीत नसतं, आणि ते तुमच्यात मिसळतं.

पट्टीवरचं ऑइल पांढऱ्या कागदावर टेकवून बघा. दुधी दिसलं तर पाणी आहे. खानापूर भागात भाताच्या चिखलणीनंतर हे हमखास दिसतं. लोखंडी चाकं लावून ट्रॅक्टर चिखलात फिरतो, आणि घासलेल्या पीटीओ सीलमधून किंवा सैल पट्टीतून पाणी आत जातं. शंका असेल तर पळीत दोन थेंब घेऊन खालून तापवा. तडतडलं तर पाणी. तोंड लांब ठेवा, आणि हे ट्रॅक्टरपासून दूर करा. ऑइल काळं पडून जळका वास येत असेल तर ते संपलंय. मात्र ते का जळलं हे शोधण्याआधी नवं ओतू नका. नुसते बारीक बुडबुडे असतील तर हवा आत येतेय, त्याचं पुढं सांगतो.

ऑइल कुठलं घालायचं हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेवढंच खरं. ब्रेक त्याच ऑइलात बुडालेले असतील तर त्यासाठी वेगळं ऑइल येतं. इंजिन ऑइल उरलंय म्हणून तेच मागं घालणं, किंवा सुट्या डब्यातलं स्वस्त ऑइल आणणं, यातली बचत शेवटी सीलच्या दुकानात जाते.

पंपाला ऑइल नीट पोचतंय का

फिल्टर आणि जाळी साफ नसेल तर पंप ओढतो, पण त्याला पुरेसं मिळत नाही. आवाजावरून थोडं कळतं. जाळी तुंबली तर एकसारखी बारीक शीळ येते आणि आरपीएम वाढवला की वाढते. हवा शिरत असेल तर आवाज खरखरीत असतो, आणि लिफ्ट धक्के देत वर जाते. हवा शोधायची सोपी युक्ती: इंजिन हळू चालू ठेवून, फिरत्या भागांपासून हात लांब ठेवत, ओढणाऱ्या बाजूच्या पाईपाच्या प्रत्येक जोडावर ग्रीसचा जाड थर लावत जा. ज्या जोडावर ग्रीस लावताच आवाज बदलतो, तिथली ओ-रिंग (रबरी कडी) किंवा क्लिप गेली. ही युक्ती फक्त ओढणाऱ्या बाजूलाच. दाबाच्या पाईपजवळ हात न्यायचा नाही. ज्या ट्रॅक्टरांत पंप मागच्या हाउसिंगमध्ये ऑइलातच बुडालेला असतो, तिथं बाहेर असा जोडच नसतो. तिथं आधी जाळी बघा.

ब्रीदर, म्हणजे हाउसिंगला श्वास घ्यायची छोटी टोपी, बऱ्याच जणांच्या ध्यानातच नसते. उसाच्या पाचटाची भुकटी आणि ग्रीस मिळून तिथं बूच बसतं. काढा, डिझेलमध्ये धुवा, फुंकून बसवा. पाच मिनिटांचं काम.

रिलीफ व्हॉल्व्ह विनाकारण उघडतोय का

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दोष इथं निघतात, आणि त्यातले बहुतेक फुकटात सुटतात.

अवजार पूर्ण वर उचला आणि ऐका. वर पोचल्यावर 'घूंऽऽ' आवाज चालूच राहिला तर लिफ्ट टोकाला टेकूनही पंप दाब देतोय आणि रिलीफ उघडा आहे. लिव्हर बोटभर खाली घ्या. आवाज थांबला तर लिव्हरचा स्टॉपर तेवढ्यावरच आवळा. थांबला नाही तर पोझिशन कंट्रोलच्या, म्हणजे लिफ्ट ठरलेल्या उंचीवर थांबवणाऱ्या यंत्रणेच्या, आतल्या दांड्यांची जुळणी बिघडली आहे, ते मेस्त्रीचं काम. रोटावेटर चालवताना प्रत्येक वळणावर लिव्हर टोकापर्यंत खेचून धरायची सवय ड्रायव्हरला असेल, तर दिवसाला दोन-तीनशे वेळा हेच होतं. लिव्हरला स्टॉपर लावून टाका. सवय सुटायची वाट बघत बसू नका.

मग बाहेरच्या पाईपांचे लिव्हर. सोडल्यावर प्रत्येक लिव्हर आपसूक मध्यावर येतो का? ट्यूब, दोरी, चिंधी, वाळलेला चिखल, काहीही अडकलेलं चालत नाही. स्पूल, म्हणजे लिव्हरनं व्हॉल्व्हच्या आत सरकणारी दांडी, घट्ट झाला असेल तर बाहेरचा भाग साफ करून हलवून बघा. हातोडी मारू नका, स्पूलवर बारीक ओरखडा आला की व्हॉल्व्ह कायमचा गळका होतो.

क्विक कपलर, म्हणजे अवजाराचा पाईप ट्रॅक्टरला जोडायचा खटक्याचा जोड, पूर्ण बसलाय का, हे ओढून बघा. अर्धवट बसलेला कपलर ऑइलला बोळकांडीसारखा अडवतो आणि तिथंच तापतो. गन लावली की कळतं. पलटी नांगराचे दोन पाईप असतात, त्यातला एक अर्धवट बसला तरी नांगर कसाबसा पलटतो, म्हणून लक्षात येत नाही. होज पाईप बदलायचा झाला तर आतलं भोक जुन्याएवढंच घ्या. बेळगावला उद्यमबागेत होज प्रेस करून मिळतात. तिथं जुना तुकडा घेऊनच जा, 'साधारण एवढा' असं हातानं दाखवू नका.

लिफ्ट डुलतेय का

अवजार उचलून धरलंय, इंजिन चालू आहे, आणि दर काही सेकंदांनी लिफ्ट किंचित खाली येऊन परत वर जाते. डुलकी लागलेल्या माणसाची मान हलावी तसं. म्हणजे आतल्या जॅकमधून किंवा खाली सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून ऑइल गळतंय आणि पंप ते पुन्हापुन्हा भरतोय. खात्री करायला अवजार उचला, कुणालाही जवळ येऊ देऊ नका, इंजिन बंद करा, जमिनीपासूनची उंची मोजा आणि १० मिनिटांनी परत मोजा. हीच चाचणी सकाळी गार ऑइलवर आणि दुपारी गरम ऑइलवर घ्या. दुपारी ठळकपणे जास्त खाली आलं तर सील किंवा व्हॉल्व्हची बसण संपली. पंपाचा यात संबंध नाही, कारण इंजिन बंदच आहे.

गेज लावल्याशिवाय पंपाला दोष नको

दाब मोजायचा, ० ते २५० बारचा ग्लिसरीन भरलेला गेज पंपाच्या दाबाच्या बाजूला, टॅपिंगवर (गेज जोडायच्या भोकावर) लावायचा. हे ज्याच्याकडे फिटिंग आहेत त्याच्याकडूनच करून घ्या. रिलीफचा दाब पुस्तिकेत असतो, साधारण १५० ते २०० बारच्या दरम्यान. लिफ्ट टोकाला नेऊन दोन-तीन सेकंदच धरा, वाचा, सोडा. एकदा गार ऑइलवर, एकदा गरम झाल्यावर.

दोन्ही वेळा दाब पुस्तिकेप्रमाणे आला तर पंप शाबूत आहे, मागं जाऊन लिव्हर, ब्रेक, कपलर बघा. गार असताना बरोबर आणि गरम झाल्यावर बराच खाली, तर आतून गळती आहे. ती पंपात आहे की व्हॉल्व्हमध्ये की जॅकमध्ये, हे गन सांगते: आत येणाऱ्या ऑइलपेक्षा ज्याचं अंग ठळकपणे गरम, तिथं गळती. दोन्ही वेळा कमीच आला तर आधी रिलीफ उघडून बघा. आत कचरा अडकलेला असतो किंवा स्प्रिंग मेलेली असते. आणि सगळे लिव्हर मध्यावर असताना गेजचा काटा वरच राहिला, तर (गिअर पंपाच्या साध्या ट्रॅक्टरात) स्पूल मध्यावर येत नाहीये.

स्प्रिंगखाली वॉशर टाकून दाब वाढवून देणारे मेस्त्री आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत. लिफ्ट दोन दिवस जोरात चालते. आपला हिशोब आठवा: दाब वाढला की फुकट जाणारी ताकदही वाढते, म्हणजे ऑइल आणखी तापतं. मग होज फुटतो, नाहीतर पंपाचं हाउसिंग तडकतं. वॉशर टाकू देऊ नका.

थंड व्हायची वाट

३५ ते ५० एचपीच्या बहुतेक ट्रॅक्टरांना हायड्रॉलिकचा वेगळा कूलर नसतो. हाउसिंगच उष्णता बाहेर टाकतं, आणि त्यावर चार बोटं वाळलेली काळी माती असेल तर ते घोंगडी पांघरून उन्हात उभं राहिल्यासारखं आहे. अथणीकडच्या उन्हाळ्यात तर हे धुणं आठवड्याचं काम धरा. धुताना पाण्याचा फवारा ब्रीदर, पट्टी आणि सीलवर मारू नका, आणि तापलेल्या हाउसिंगवर गार पाणी ओतू नका. कूलर असेल तर त्याच्या पत्र्यांत पाचट आणि भुसा अडकतो. हवा ज्या बाजूनं येते त्याच्या उलट बाजूनं, कमी दाबानं फुंकून काढा.

ऊस भरायचा लोडर किंवा हायड्रॉलिक मोटरवरचं अवजार लावलं असेल तर प्रश्न वेगळा आहे. लिफ्ट अधूनमधून उचलण्यासाठी असते, लोडर दिवसभर ऑइल फिरवतो. अशा कामाला मोठी टाकी आणि कूलर लागतोच, आणि परतीचा पाईप थेट टाकीत, ऑइलच्या पातळीखाली सोडलेला हवा. नाहीतर फेस ठरलेला.

ऑइल बदलताना

ऑइल कोमट असताना सोडा, उकळतं नको. जाळी डिझेलमध्ये धुवा, फिल्टर नवा, ड्रेन बोल्टचं चुंबक पुसून नीट बघा. चिखलासारखी काळी पूड नेहमीची असते. चकाकणारे पापुद्रे किंवा पितळी कण दिसले तर मात्र पंपाच्या किंवा गिअरच्या बुशा झिजताहेत, आणि आता पंप उघडायला कारण आहे. नवं ऑइल भरल्यावर इंजिन हळू चालवत लिफ्ट रिकामीच आठ-दहा वेळा वर-खाली करा, दहा मिनिटं थांबा, पातळी परत बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तीन चाचण्या पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा.

माझा तो 'गेलेला' पंप मी गोठ्याच्या माळ्यावर ठेवला होता. गेल्या वर्षी मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचा पंप खरंच गेला, मॉडेल तेच, म्हणून तोच बसवला. गेजवर १८० बार दाखवतो, गार असताना आणि गरम झाल्यावरही.